वळवाआधी उरकायची कामं: सांगलीच्या शिवारासाठी तयारीची यादी

शिमगा सरला की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच येतात: उघड्यावर पसरलेला माल आणि वळीव. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत असतात, कृष्णाकाठी वाळवा-पलूसकडे शिजवलेली हळद खळ्यावर असते, जतकडे कडबा अजून रानातच असतो. वर्षाची कमाई अशी आभाळाखाली पडलेली असताना चारच्या सुमारास ढग उठतो आणि घरातली चार माणसं ताडपत्री घेऊन विजांत पळतात. हे पळणं थांबावं म्हणून ही यादी. यातलं जे जे होईल ते दुपारी बाराच्या आत करायचं.

सकाळी आधी अंदाज बघावा, पण त्यातले शब्द नीट वाचावेत. हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतं तेव्हा त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस धरलेला असतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या. त्यामुळे शिराळ्यात झोडपून काढलं आणि जतला धूळ उडाली, तरी अंदाज चुकला असं होत नाही. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा. माझं मत विचाराल तर जाळीवर माल असेपर्यंत पिवळ्यालाच नारिंगी समजावं. वळीव ढग नेमका कुठं उठेल हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. जमीन तापते, समुद्रावरून आलेली दमट हवा वर चढते आणि तासा-दोन तासांत ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. म्हणून दुपारनंतर पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा बघत राहावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घरातल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये असावं, आणि तो मोबाईल चार्ज असावा.

आता बेदाणा शेड. द्राक्षं डिपिंग करून (लवकर वाळावीत म्हणून द्रावणात बुडवून) जाळीवर टाकली की बेदाणा व्हायला बारा-पंधरा दिवस लागतात, आणि या दिवसांत एक भिजणंही महागात जातं. मणी चिकट होतात, बुरशी धरते, हिरव्या-पिवळ्या मालाचा काळा होतो आणि सौद्यात भाव पडतो. पडदे चारही बाजूंना हवेत. वळवाचा वारा ठरलेल्या दिशेनं येत नाही, त्यामुळे पश्चिमेची बाजू झाकून भागत नाही. रोज सकाळी प्रत्येक पडदा एकदा पूर्ण खाली सोडून बघा. दोरी कुठं अडकते, कडी कुठं निसटली आहे, पडद्याचा प्लास्टिक कागद उन्हानं कुठं कडक होऊन चिरला आहे, हे तेव्हाच कळतं. पडद्याच्या खालच्या कडेला पाइप किंवा बांबू गुंडाळून तो खांबाला बांधायची सोय ठेवा. नुसता मोकळा सोडलेला पडदा पहिल्याच झोतात वर उलटतो आणि वरच्या जाळ्या धुऊन निघतात. शेडभोवती चर काढून पाण्याला उताराकडे वाट द्या, नाहीतर खाली झाडून ठेवलेला माल ओल धरतो. पाऊस उघडला की पडदे लगेच वर घ्या आणि वारं खेळू द्या. कोंडलेली दमट हवा पावसाइतकाच घात करते.

हळदीचं थोडं सोपं आहे. हळकुंड मोडल्यावर खट्कन आवाज आला तर ते वाळलं, वाकलं तर अजून ऊन हवं. वाळलेला माल खळ्यावर एक रात्रही ठेवू नका, पोत्यात भरून घरात घ्या. उरलेल्याचा तीनपर्यंत उंचवट्यावर ढीग करून ताडपत्री टाका आणि कडांवर दगड ठेवा. ताडपत्री आधी उन्हाकडे धरून बघा, छिद्रं लगेच दिसतात. आजच शिजवलेली गरम हळद मात्र झाकून ठेवू नका, वाफेनं ती खराब होते. ढगाळ दिवशी हळद शिजवायला नवा कुकर लावूच नये, हे उत्तम.

कडब्याची गंज शाकारून दोरानं आवळा. गोठ्याच्या पत्र्याला नुसते दगड पुरत नाहीत, हुक आवळून घ्या. घरावर किंवा तारेवर येणाऱ्या फांद्या आधीच उतरवा. टॉर्च आणि प्यायचं पाणी भरून ठेवा, कारण लाइट रात्रभर जाऊ शकते.

वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रान सोडून पक्क्या घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. बेदाणा शेड हा आसरा नाही, हे शेडवर कामाला येणाऱ्या बायकांना सकाळीच सांगा: लोखंडी अँगल, तारा, चारही बाजू उघड्या. झाड, विजेचा खांब, विहिरीवरचा पंप, स्टार्टरची पेटी, उघडा ट्रॅक्टर, सगळ्यांपासून लांब. काचा बंद केलेली चारचाकी चालते. मेंढ्या घेऊन रानात उतरलेले धनगर आणि पालात राहणारी ऊसतोड मंडळी आपल्या शिवारात असतील, तर त्यांना शाळा किंवा समाजमंदिर कुठं आहे ते आधी दाखवून ठेवा. काहीच जवळ नसेल तर एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. अंगावर आभाळातली वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला बिनधास्त हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्यानं 108 ला फोन करावा.

वादळ गेल्यावर पडलेल्या तारेजवळ कुणालाही जाऊ देऊ नका, वीज कंपनीच्या 1912 या नंबरला कळवा. नुकसान झालं असेल तर माल हलवण्याआधी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी सांगा, पंचनाम्यापर्यंत भिजलेला माल बाजूला ठेवा. खरड छाटणी (द्राक्षं उतरल्यावरची छाटणी) झालेल्या बागेत गारा पडल्या असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीनं फिरून कोवळ्या फुटी बघा. जखमेतून करपा रोग शिरायला वेळ लागत नाही, त्यामुळे फवारणीचं औषध आधीच आणून ठेवलेलं बरं.