स्लीप टेस्टचा क्लेम मंजूर व्हायचा तर आधी केस पेपर बघा

झोपेची तपासणी विम्यातून करायची असेल, तर तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचा. नुसतं ‘झोप लागत नाही’ किंवा ‘घोरतो’ एवढ्यावर विमा कंपन्या सहसा मान्यता देत नाहीत. झोपेत श्वास अडकतो, दिवसा डुलक्या लागतात, बीपी आहे, वजन किती, हे सगळं नोंदवून घ्या. दिवसा किती झोप येते ते मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीचा स्कोअरही लिहायला सांगा. 24 पैकी 10 च्या वर असेल तर दिवसाची झोप जास्त मानतात. झोपेत श्वास अडकताना जोडीदाराने पाहिलं असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, रुग्णाला स्वतःला ते बहुतेकदा कळतच नाही.

बऱ्याच कंपन्या आधी घरी करायची टेस्ट सुचवतात. तिला हरकत नाही. पण त्या यंत्रात बहुधा मेंदूच्या लहरी मोजल्या जात नाहीत, त्यामुळे तुम्ही जागे असलेला वेळही झोपेत धरला जातो, तासाला श्वास अडकण्याची सरासरी कमी येते आणि श्वास अडकण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) आहे त्यापेक्षा सौम्य दिसू शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास कायम असेल, तर लॅबमधल्या टेस्टसाठी डॉक्टरांकडून कारणासह पत्र घ्या. पूर्वमंजुरी मात्र लेखीच मागा, फोनवरचं ‘होईल’ धरून चालू नका.