सांडपाण्यावर भाजी: प्रक्रिया झाली तरी घ्यायची काळजी

ग्लासात पाणी धरून "बघा, किती नितळ आहे" म्हणणारे मला नेहमी भेटतात. मी विचारतो, हे पाणी भाजीच्या कुठल्या भागाला लागणार? जंतांची अंडी काही डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून आधी पीक ठरवा. मंडपावरचा दोडका, दुधी, काठीला बांधलेला टोमॅटो यांचं फळ वर असतं, ठिबकचं पाणी त्याला शिवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनात ठिबकमुळे उंच पिकांवरचे रोगजंतू दहा हजार पटींनी, तर जमिनीलगतच्या पिकांवरचे शंभर पटींनी कमी धरले आहेत. एवढा फरक असताना कोथिंबीर, मुळा, गाजर या पाण्यावर घेण्याचा हट्ट मला कळत नाही. तुषार सिंचन तर नकोच, पाणी थेट पानावर बसतं.

मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. कच्च्या खायच्या भाजीसाठी याच संघटनेची 1989 ची जुनी मोजपट्टी अशी: 100 मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू 1000 च्या आत, जंतांचं अंडं लिटरमागे फार तर एक. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, 0.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर बिनघोर. 3 च्या वर गेली की बहुतेक भाज्यांचा नाद सोडा. घेवडा, गाजर, कांदा तर त्याच्या बऱ्याच आधी माना टाकतात. कारखान्याचं पाणी त्यात मिसळत असेल तर सरळ नाही म्हणा. कॅडमियम पालेभाजीत मुरतं आणि ते धुऊन जात नाही, शिजवूनही नाही.

खताचा हिशेब बहुतेक जण विसरतात. पाण्यात लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र असेल आणि हंगामात हेक्टरी 5000 घनमीटर पाणी दिलं, तर 100 किलो नत्र आपोआप पडतं. वरून नेहमीचा युरिया टाकला की टोमॅटो नुसता माजतो, पाला दाट होतो आणि फळ उशिरा येतं. फुलं लागल्यावर जमेल तितकं साधं पाणी द्या.

या पाण्याने ड्रिपर लवकर चोंदतात. डिस्क फिल्टर हवाच. हातमोजे घालून लॅटरलची (ठिबकच्या नळीची) एन्ड कॅप काढली की आधी काळपट, बुळबुळीत गाळ येतो. पाणी स्वच्छ येईस्तोवर वाहू द्यायचं. मग क्लोरीन सोडा, लॅटरलच्या टोकाशी ते लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास सापडलं पाहिजे. ड्रिपर मल्चिंगच्या, म्हणजे मातीवरच्या आच्छादनाच्या, खाली ठेवा, म्हणजे लोंबणारं फळ ओल्या मातीला टेकत नाही.

तोडणीआधी दोन-तीन दिवस पाणी बंद. कडक उन्हात भाजीवरचे बरेच जिवाणू मरतात, जंतांची अंडी मात्र चिवट, ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात. तोडलेला माल मातीवर ओतू नका, क्रेटमध्येच भरा आणि पिण्याच्या पाण्याने धुवा. याच सांडपाण्याने माल धुणारे पाहिलेत, म्हणून सांगतो.

शेतात गमबूट वापरा, जेवणाआधी हात साबणाने धुवा. या पाइपलाइनची पिण्याच्या लाइनशी कुठेही जोड नको. पाइप जांभळ्या रंगाचा घ्या, म्हणजे वेगळा ओळखू येतो. आणि नळाला उघडी तोटी ठेवूच नका, चावीने उघडणारा व्हॉल्व्ह बसवा. उन्हात तहानलेलं पोर धोक्याची पाटी वाचत बसत नाही.