वाइन घरी ठेवायची तर आधी उन्हाळ्याचा विचार करा

आम्ही नाशिककर, त्यामुळे पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन घ्यायची, डिकीत टाकायची आणि त्र्यंबकेश्वरच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. मी सगळ्यांना सांगते, आधी दर्शन, मग वाइन. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीची भट्टी होते. आतली वाइन फुगते, बूच वर सरकतं, बाटलीच्या गळ्याशी चिकट ओघळ येतो. अशी बाटली जपून ठेवू नका, लगेच उघडून चाखा.

वाइनला मानवतं ते 12-13 अंश सेल्सिअस. आपल्या घरात ते मिळणार नाही, आणि चार बाटल्यांसाठी वाइनचा वेगळा फ्रीज घेणं मला तरी पटत नाही. घरातली सर्वांत कमी तापणारी, दिवसरात्र जवळपास सारखी राहणारी जागा शोधा. माळा नको, तिथे स्लॅब तापतो. ओट्याखाली गॅसची धग. फ्रीजच्या डोक्यावर तर मुळीच नको, तिथे उष्णताही आणि थरथरही. माझ्या बाटल्या आतल्या खोलीतल्या दिवाणाच्या पोटात असतात, रजयांच्या आड, अंधारात. त्या कप्प्यातल्या डांबरगोळ्या मात्र काढून टाकल्या. उग्र वास बुचावाटे आत जायची भीती असते.

बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. सुकलं की आकसतं आणि हवा शिरते. फिरवायचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, बहुधा पारदर्शक बाटलीत येते, तिला वर्तमानपत्र गुंडाळा; उजेडानेही चव बिघडते.

मार्च ते जून सरळ फ्रीजचा भाजीचा कप्पा. तिथली हवा कोरडी, म्हणून बुचाची बाटली वर्षानुवर्षं ठेवू नका, पण एका उन्हाळ्याने काही होत नाही.

आणि हो, मुलीच्या लग्नासाठी शेनिन ब्लांची बाटली जपून ठेवणारे लोक मला माहीत आहेत! शेनिन, सोविन्यों ब्लां या व्हाइट वाइन ताज्याच प्यायच्या, वर्षभरात संपवा. ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शिराझ किंवा कॅबर्नेसारखी रेड वाइन जास्त टिकते, पण घरात दोन उन्हाळ्यांपुढे मी तिचीही खात्री देणार नाही.

उघडलेली बाटली, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवायची. अर्धी उरली असेल तर स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ ओता. हवा जितकी कमी, तितकी ती टिकते. तीन-चार दिवस छान जातात. पिण्याआधी रेड अर्धा तास बाहेर काढा, मे महिन्यात दहा मिनिटं पुरेत. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनच्या बाटलीच्या गळ्यात चमचा अडकवून बुडबुडे टिकत नाहीत. घट्ट बसणारं खास झाकण आणा, नाहीतर त्याच रात्री संपवा.

चार दिवसांनी उरलेली रेड मटणात घाला. कांदा परतला की ओतायची, आटू द्यायची, आणि टोमॅटो जरा कमी करायचा.