कॉयरला सूर-ताल शिकवताय? मग निदान या चुका तरी टाळा

समूहगान बसवणाऱ्या मंडळींचं एक मला कळतच नाही, एका गाण्यावर महिनोन्महिने घासतील पण गाणाऱ्यांचा कान तयार करायला रोजची दहा मिनिटं काही यांच्याच्याने देववत नाहीत. मग प्रत्येक नव्या गाण्याला पुन्हा पहिल्यापासून पोपटपंची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेटी कायम चालू ठेवणं. शिकवणारा अख्खी चाल वाजवत राहतो, मुलं मागेमागे गातात, ऐकायला सगळं सुरेल. अहो, पण सुरात पेटी आहे, मुलं नाहीत!

मागे एका आंतरशालेय स्पर्धेला परीक्षक होतो. एका शाळेने दोन आवाजांत गाणं बसवलेलं, पहिली दोन कडवी साथीशिवाय आणि तिसऱ्याला कीबोर्ड येणार. कल्पना झकास. काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी) सुरुवात झाली, आवाज छान, शब्द स्पष्ट, आणि पट्टी हळूहळू उतरायला लागली. गाणाऱ्यांना हे कळत नाही कारण सगळे मिळूनच उतरतात. दुसरं कडवं संपेपर्यंत मंडळी अर्धा सूर खाली, पांढरी दोनवर, आणि कीबोर्डवाला बिचारा ठरल्याप्रमाणे काळी दोनमध्ये घुसला. अर्ध्या मुली तिकडे ओढल्या गेल्या, अर्ध्या होत्या तिथेच राहिल्या, समोर बसलेल्या पालकांचीसुद्धा तोंडं वाकडी झाली. स्टेजवरून उतरल्यावर सर मुलींवरच ओरडले, लक्ष कुठे होतं म्हणून. लक्ष?! चाल सारखी प म ग रे सा अशी खाली येणारी, उतरताना गाणारे पायरी जरा जास्तच मोठी घेतात, सा कणसूर लागतो आणि पुढची ओळ त्या पडलेल्या सा पासूनच उचलली जाते. अर्धा सूर गमवायला एवढं पुरतं. एकाच स्वरावर लागोपाठ चार-पाच अक्षरं आली तरी तेच होतं. सरांना नंतर विचारलं, पेटी बंद करून कधी गाऊन घेतलं होतं का? तर म्हणाले, वेळच मिळाला नाही.

माझी सवय अशी, सा द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. तंबोऱ्याचं ॲप ओळ संपेपर्यंत म्यूट, मग चालू करून कुठे पोचलो ते ऐकायचं. चुकलं तर मी सांगत नाही, त्यांनाच विचारतो, वर गेलात की खाली आलात? शिवाय सरगम म्हणताना ग आणि म मनातच गायला लावतो, सा रे, मग गप्प, मग प. प नेमका लागला की समजायचं मधले दोन डोक्यात बरोबर होते. आणि हो, पेटीचा ग नैसर्गिक (सा शी नेमका जुळणाऱ्या) गांधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे अर्धा सूर), त्यामुळे पेटीलाच चिकटलेल्या कॉयरचे सा आणि ग एकत्र धरले की ते कधी नीट मिसळतच नाहीत.

दुसरा माझा राग व्हॉट्सॲपवर. आल्टोचा (मुलींच्या खालच्या आवाजाचा) भाग रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला की काम झालं असं वाटणाऱ्यांना हात जोडतो. लोक ती क्लिप कॉपी करतात, तुमच्या श्वासासकट आणि खोकल्यासकट. "तिसऱ्या ओळीपासून घ्या" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "सर, पहिल्यापासून घेऊ का?" क्लिप मधून सुरू होत नाही ना! त्यापेक्षा सरगम लिहून द्या. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारला (वरच्या सप्तकाला) वर टिंब, एवढं एका संध्याकाळी समजतं. स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत असेल तर तेही चालेल. "सा रे ग की डो रे मी" हा वाद मात्र माझ्यासमोर नको, डो कुठल्याही पट्टीत सरकवला की तो आपला सा च. इंग्लंडात १९व्या शतकात जॉन कर्वेन या संगीतशिक्षकाने रुजवलेल्या हाताच्या खुणा सरगमलाही बसतात, मूठ म्हणजे सा, सपाट आडवा तळवा म्हणजे ग. उजव्या हाताने एक गट आणि डाव्याने दुसरा गट गाववता येतो, मजा येते.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्याच आठवड्यात दोन आवाज बसवायची घाई नको. आधी भूप रागातली एक सोपी ओळ दोन गटांना मागेपुढे सुरू करून गायला लावा, म आणि नी नसल्याने कुठेही अर्ध्या सुराची टक्कर होत नाही.

रूपक (सात मात्रांचा ताल) पाय आपटून मोजू नका, तिथे पहिली मात्राच 'खाली', म्हणजे टाळीशिवायची आहे, हाताने खाली-टाळी देत म्हणा.

सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा मधोमध उभा करू नका, आजूबाजूचे त्यालाच ऐकत बसतात.

"याला कानच नाही, नुसते ओठ हलव" असं कुणाही मुलाला सांगू नका, हे मी ऐकलं की डोकंच फिरतं. त्याच्याच पट्टीत सा देऊन बघा आधी, बरेचदा तुमचा सा त्याला झेपत नसतो.

आणि घरी रियाझ करणाऱ्या सगळ्यांच्या ॲपचं सेटिंग एकदा तपासा. कुणाचा 'ए' स्वर ४३२ हर्ट्झवर, कुणाचा ४४० वर, आणि तालमीला येऊन भांडतात की माझाच सूर बरोबर. सगळ्यांनी ४४० ठेवा, विषय संपला.