रुफस की अ‍ॅलन्स? हमिंगबर्ड ओळखताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात फेब्रुवारी लागला की साखरपाण्याच्या फीडरवर अ‍ॅनाज हमिंगबर्डच्या जोडीला तांबूस केशरी रंगाचे छोटे पाहुणे दिसू लागतात. अ‍ॅनाज बाराही महिने तिथेच असतो आणि त्याच्या हिरव्या-राखाडी अंगावर तांबूस छटा नसते, त्यामुळे तो लगेच वेगळा काढता येतो. खरा घोळ होतो तो रुफस आणि अ‍ॅलन्स या दोन सख्ख्या प्रजातींमध्ये. (आपल्याकडचा शिंजीर आकाराने आणि मधाच्या ओढीने त्यांची आठवण करून देतो खरा, पण त्याचे कूळ अगदी निराळे आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात.)

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे गळ्याच्या रंगावरून निर्णय देणे. दोन्ही नरांचा गळपट्टा केशरी-लालच असतो आणि ती झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडल्याने येते. त्यामुळे निखाऱ्यासारखा दिसणारा तोच गळा पक्ष्याने मान वळवताच काळपट किंवा सोनेरी भासतो. गळ्यावरून पक्षी प्रौढ नर आहे एवढे कळते, प्रजाती कळत नाही.

पाठ मात्र जरूर पाहावी, पण तिचा अर्थ नीट लावावा. प्रौढ नराची पाठ पूर्ण तांबूस असेल तर तो निःशंकपणे रुफस. पाठ हिरवी दिसली की ‘अ‍ॅलन्स’ म्हणून मोकळे होणे मात्र चुकीचे आहे, कारण रुफसच्या पुष्कळ नरांच्या पाठीवर हिरवे ठिपके असतात आणि काही थोड्यांची पाठ जवळजवळ पूर्ण हिरवी असते. मी स्वतः एका मार्चमध्ये हिरव्या पाठीचा नर अ‍ॅलन्स म्हणून नोंदवला होता. पुढे त्याच पक्ष्याचा पिसे साफ करतानाचा फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा शेपटीच्या मधल्या पिसांच्या शेजारच्या पिसाला टोकाजवळ स्पष्ट खाच दिसली. ही खाच रुफसच्या नराची खूण आहे. अ‍ॅलन्सच्या त्या पिसाला ती नसते आणि त्याची सर्वांत बाहेरची पिसे रुफसपेक्षा बरीच अरुंद असतात. तेव्हापासून पाठीच्या फोटोवर मी समाधान मानत नाही. पक्षी आळस देताना किंवा दुसऱ्याला हुसकावताना शेपटी पंख्यासारखी उघडतो, त्या क्षणी एकापाठोपाठ एक बरेच फोटो घ्यावेत.

तिसरी चूक दिनदर्शिकेच्या भरवशावर राहण्याची. स्थलांतर करणारे अ‍ॅलन्स जानेवारीपासूनच मेक्सिकोतून किनाऱ्यावर परततात आणि नैर्ऋत्य ओरेगॉनपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात वीण करतात. रुफस वसंतात याच किनाऱ्याने वर सरकत थेट दक्षिण अलास्कापर्यंत जातो, म्हणजे मार्चमध्ये दोघेही एकाच फीडरवर येऊ शकतात. लॉस एंजेलिस परिसराचे गणित तर आणखी वेगळे आहे: अ‍ॅलन्सची एक उपप्रजाती तिथे वर्षभर राहते. ती पूर्वी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या चॅनल बेटांपुरतीच होती, गेल्या शतकात मुख्य भूमीवर पसरली. सॅन फ्रान्सिस्कोजवळचा अनुभव तिथे जसाच्या तसा लावला तर डिसेंबरमधला अ‍ॅलन्स उगाच दुर्मीळ वाटेल.

नर प्रणयप्रदर्शन करत असेल तर ते शेवटपर्यंत पाहावे. अ‍ॅलन्सचा नर आधी लंबकासारखे झोके घेतो आणि मग उंच जाऊन सूर मारतो; रुफस असे झोके न घेता इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे वळण घेत पुन्हा पुन्हा झेपावतो.

माद्या आणि पिल्ले यांच्या बाबतीत घाई सर्वांत महागात पडते. दोन्ही प्रजातींच्या माद्यांची पाठ हिरवी आणि कुशी तांबूस असते. फरक शेपटीच्या पिसांच्या रुंदीत असतो, तोही समान वयाच्या आणि लिंगाच्या पक्ष्यांची तुलना केली तरच उपयोगी पडतो, आणि पक्षी हाती धरून मोजमाप केल्याशिवाय सहसा ठरवता येत नाही. शिवाय दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या सीमेवर त्यांचा संकरही होतो. पक्ष्यांच्या नोंदी करण्याच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर ‘रुफस/अ‍ॅलन्स’ असा जोडपर्याय याचसाठी दिलेला आहे. उघड्या शेपटीचा स्पष्ट फोटो नसेल, तर मादीची नोंद त्याच पर्यायाखाली करावी आणि पाठ, कुशी, तारीख व ठिकाण टिपणात लिहून ठेवावे.