पुठ्ठ्याचा पिंगळा: पट्टी ओढली की पंख उचलणारं चित्र

पिंगळ्याला हुसकावलं की तो उडून जाण्याआधी डोकं वर-खाली करत आपल्याकडे टक लावून बघतो. हलत्या चित्रासाठी हा पक्षी सोयीचा आहे. अंगाने आडवा असल्यामुळे छातीमागे सगळं यंत्र लपतं, आणि डोक्याची हालचाल ज्या पट्टीने होते तीच पट्टी पंखही हलवते. खऱ्या पिंगळ्याची लांबी साधारण २१ सेंटीमीटर असते, म्हणजे ए-४ कागदावर तो जवळजवळ खऱ्या मापाचा बसतो.

चित्राच्या खाली एक पट्टी बाहेर आलेली असते. ती खाली ओढली की डोकं दबतं आणि दोन्ही पंख वर जातात. वर ढकलली की डोकं वर येतं आणि पंख खाली येतात. पट्टी फक्त ३० मि.मी. सरकते, पण पंखांची टोकं ११० मि.मी.हून जास्त वर-खाली होतात. ही किमया तरफेची आहे. टेकूपासून (पंख जिथे पिनेवर फिरतो तिथून) आतला हात सुमारे २५ मि.मी. आणि बाहेरचा ११० मि.मी., त्यामुळे आतल्या टोकाची छोटी हालचाल बाहेर चौपटीहून मोठी दिसते. मात्र आतल्या बाजूचा ढिलेपणाही बाहेर चौपटच दिसतो. पट्टीवरची खुंटी पंखाच्या ज्या खाचेत अडकते तिथे अर्धा मि.मी. सैल असेल, तर पंखाचं टोक दोन मि.मी. लटपटतं. म्हणून आधी यंत्र नीट चालवायचं आणि चित्र मागाहून रंगवायचं. उलट क्रमाने गेलात तर सुंदर रंगवलेला पंख खाच चुकली म्हणून टाकून द्यावा लागतो.

काय लागेल

तळासाठी दीड मि.मी. जाडीचा ए-४ ग्रेबोर्ड (राखाडी कडक पुठ्ठा). बाकी सगळ्या भागांना ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) एक ए-४ कार्डशीट पुरते. हिची जाडी साधारण ०.४ मि.मी. असते. चकत्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. उंची देण्यासाठी खोक्याचा ३ मि.मी. जाडीचा नालीदार पुठ्ठा, दोन स्प्लिट पिना (पितळी, दोन पायांच्या), फेव्हिकॉल, कटर, स्टीलची पट्टी, दाभण आणि ऑफिसातलं साधं पंचिंग मशीन. पंचिंगची छिद्रं सुमारे ६ मि.मी.ची असतात. छिद्र तर हवंच, पण त्यातून पडणाऱ्या टिकल्याही जपून ठेवा, त्यांचीच खुंटी करायची आहे.

कार्डशीट कापण्याआधी ती हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. एका दिशेने ती सहज वळते, दुसऱ्या दिशेने अंग धरते. लांब पट्टी अशी कापा की ती लांबीच्या दिशेने ताठ राहील. हे चुकलं की पट्टी वर ढकलताना मध्येच कमानीसारखी फुगते आणि ढकलण्याचा सगळा जोर तिथेच जिरतो.

कापायचे भाग असे:

- सरकपट्टी: २०५ × २० मि.मी.
- पंख, दोन: लांबी १५० मि.मी. त्यातला आतला ४० मि.मी.चा हात २० मि.मी. रुंद, पुढे पंख ४० मि.मी. पर्यंत रुंद
- छाती, दोन सारखे तुकडे: ८० × १०५ मि.मी. (एकमेकांवर चिकटवून दुहेरी)
- डोकं: ६० × ६० मि.मी.
- वरच्या पुलासाठी (ज्याखालून सरकपट्टी सरकते) पट्टी: ६० × १० मि.मी.
- फांदी: २९७ × २५ मि.मी.

आखणी

ग्रेबोर्ड आडवा ठेवा आणि मधोमध, म्हणजे १४८.५ मि.मी.वर, एक उभी रेघ मारा. वरच्या कडेपासून ९५ मि.मी. खाली, या रेघेच्या दोन्ही बाजूंना बरोबर २५ मि.मी.वर एकेक टिंब द्या. हे दोन टेकू. या कामात सगळ्यात जास्त जपायचं माप हेच. एक टेकू २३ आणि दुसरा २७ मि.मी.वर पडला तर एक पंख ३३ अंश उचलतो, दुसरा २९. टोकांच्या उंचीत साडेसहा मि.मी.चा फरक पडतो आणि पक्षी एका पंखाने अधू दिसतो.

पंखावर आतल्या टोकापासून ४० मि.मी.वर टेकूचं छिद्र येईल. त्या छिद्रापासून आतल्या बाजूला २४ आणि ३१ मि.मी.वर खुणा करा. पंचिंग मशीनच्या खालचं झाकण काढून ते उलटं धरा, म्हणजे खूण छिद्रातून दिसते. हात २० मि.मी. रुंद असल्यामुळे कडेकडून पंच सहज पोचतो. दोन्ही खुणांवर छिद्रं पाडा, मधला भाग कटरने कापून काढा, की १३ मि.मी. लांबीची खाच तयार. हाताचं आतलं टोक गोल करा. हात ४० मि.मी.पेक्षा लांब ठेवू नका. समोरची पिन ५० मि.मी.वर आहे, तिचं डोकं पाच मि.मी. आत येतं. हात लांब झाला तर तो त्या डोक्याला धडकतो.

खाच लांबट का? सरकपट्टी सरळ रेषेत जाते, पंखाचा हात मात्र टेकूभोवती गोल फिरतो. पंख आडवा असताना खुंटी टेकूपासून २५ मि.मी.वर असते. पट्टी १५ मि.मी. वर किंवा खाली गेली की तेच अंतर २९ मि.मी. होतं. या चार मि.मी.ना जागा दिली नाही तर दोन-चार वेळा ओढल्यावर छिद्र फाटतं. बहुतेक फसलेल्या हलत्या चित्रांचं दुखणं गोल छिद्रातच असतं.

खुंटी आणि पूल

सरकपट्टीच्या वरच्या टोकापासून ५५ मि.मी. खाली, मधोमध, पंचिंगच्या तीन टिकल्या एकावर एक चिकटवा. ही खुंटी. गोंद काडीच्या टोकाने, मोहरीएवढा लावा. जास्त झाला की बाजूला ओघळून खुंटी जाडजूड होते. अर्धा तास वजनाखाली वाळू द्या. टिकली आणि छिद्र एकाच मशीनचे असल्यामुळे खुंटी खाचेत घट्ट बसेल. पॉलिश पेपरची सुरळी करून खाचेच्या दोन्ही भिंती हलक्या घासा. पंख हातात धरून तिरका केला की पट्टी आपोआप घसरायला हवी, एवढंच सैल करा, त्याहून जास्त नाही.

वरचा पूल तळावर वरून १३० ते १४० मि.मी.च्या पट्ट्यात येतो. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना कार्डाचे छोटे तुकडे चिकटवा, त्यांच्यात २१ मि.मी. अंतर ठेवा (पट्टी २०, मोकळीक १). प्रत्येक तुकड्यावर साध्या कागदाचा एक थर द्या आणि त्यावर ६० मि.मी.ची पट्टी आडवी चिकटवा. कागदाचा तो थर फालतू वाटतो, पण तो नसेल तर गोंद वाळून आवळला की सरकपट्टी पुलाखाली चिमटली जाते. पूल वाळताना खाली सरकपट्टीला मेणबत्ती घासून ठेवा, म्हणजे ओघळलेला गोंद तिला धरणार नाही.

खालचा पूल म्हणून वेगळी पट्टी लागत नाही. फांदीच तळावर १८५ ते २१० मि.मी.च्या भागात त्याच पद्धतीने चिकटवा, मधली २१ मि.मी.ची वाट मोकळी सोडून. दोन पुलांमध्ये ४५ मि.मी. मोकळे राहतात. सरकपट्टी दोन्हींखालून घातल्यावर तिच्या वरच्या टोकापासून ११५ ते १३० मि.मी.च्या भागात कार्डाचा १५ मि.मी. उंचीचा दुहेरी तुकडा चिकटवा. हा अडसर. ४५ मधून १५ गेले की ३० उरतात, म्हणजे पट्टी नेमकी ३० मि.मी. सरकते आणि दोन्हीकडे आपोआप थांबते. अडसराशिवाय मुलं पट्टी जोरात ओढतातच. मध्यापासून १८ मि.मी.च्या पुढे खुंटी खाचेच्या टोकावर आदळते आणि हात तुटतो. अडसर पट्टी आत घालण्याआधी चिकटवला तर ती पुलाखालून जाणारच नाही, तेव्हा क्रम लक्षात ठेवा.

जुळणी

तळावरच्या टेकूंवर दाभणाने छिद्र पाडा, खाली जुना खोडरबर धरा. हे छिद्र पिनेच्या पायांना घट्ट बसेल एवढंच हवं. पंखातलं छिद्र मात्र पायांच्या रुंदीपेक्षा किंचित मोठं. पिन तळात रुतून बसावी आणि पंख तिच्याभोवती फिरावा. पिन तळासकट फिरायला लागली की आठवड्याभरात ग्रेबोर्डातलं छिद्र सैल होतं.

आता थरांचा हिशेब. तळावर सरकपट्टी, तिच्यावर उजव्या पंखाचा हात, त्यावर डाव्याचा. म्हणून टेकूपाशी उजव्या पंखाखाली पत्रिकेच्या कार्डाची एक चकती घाला आणि डाव्याखाली दोन. मग दोन्ही पंख सपाट राहतात. दोन्ही खाचा खुंटीवर बसवा, पिना समोरून घाला आणि मागे पाय उघडा. पाय उघडताना पंख आणि पिनेच्या डोक्यामध्ये कार्डाचा एक कपटा धरा, नंतर ओढून काढा. त्या कपट्याएवढी मोकळीक पंखाला बरोबर पुरते. मागच्या पायांवर चिकटपट्टी लावा, नाहीतर त्या बोटांना ओरखडतात.

खुंटीच्या माथ्यावर गोंदाचा एकच ठिपका देऊन १६ मि.मी. व्यासाची चकती झाकणासारखी चिकटवा. ती वाळेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी पट्टी थोडी हलवत राहा.

स्प्लिट पिना मिळाल्या नाहीत तर शिंप्याचं टिच बटण चालतं: अर्धं तळावर शिवायचं, अर्धं पंखावर. ते छान फिरतं, पण पंख बराच वर उचलला जातो. चकत्या आणि छातीखालची उंची दोन्ही त्या मानाने वाढवाव्या लागतात.

छाती आणि डोकं

छाती दुहेरीच हवी, कारण तिला आधार फक्त खालून देता येतो. वर हातांचा वावर आहे. दोन पुलांच्या मध्ये, मधल्या रेघेपासून १५ ते ३५ मि.मी.च्या जागेत, दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठ्याचा एकेक तुकडा (२० × ३० मि.मी.) उभा चिकटवा आणि त्यावर छाती बसवा. तिची वरची कड ७५ मि.मी.वर यायला हवी. एकेरी कार्ड घेतलं तर वरचा भाग आत झुकून पिनांवर घासतो.

डोकं छातीच्या पुढून जातं, मागून नाही. मागून नेलं तर दबल्यावर डोळेच लपतात. सरकपट्टीच्या वरच्या १५ मि.मी.वर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर कार्डाचे दोन थर आणि मग डोकं, त्याची वरची कड पट्टीच्या टोकाशी जुळवून. एवढ्या उंचीत ते छातीवरून मोकळं सरकतं. या वरच्या भागात पूल लावायचा मोह टाळा, डोक्याखालचा तुकडा त्याला अडेल.

रंगवणं मात्र जुळणीपूर्वी, यंत्र एकदा कोरडं लावून तपासल्यावर. रंगीत पेन्सिल किंवा तेलखडू वापरा. जलरंगाने कार्ड वळतं. पाठ करडी-तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे, भुवया पांढऱ्या. पंखाच्या आतल्या हातावर आणि सरकपट्टीवर रंग नको, तेलखडूचा चिकटा पुलाखाली जाऊन बसतो.

अडलं तर

पट्टी वर जाते पण खाली येताना अडखळते: बहुधा ती तिरकी होते आहे. वाट २२ मि.मी.हून रुंद झाली असेल तर एका बाजूने कार्डाची बारीक चिप सारा. टोक कोपऱ्यात धरून ओढल्यानेही असं होतं, म्हणून ओढायच्या टोकाला मधोमध बोटाएवढं छिद्र पाडा.

एकच पंख उशिरा हलतो: त्याची खाच दुसरीपेक्षा रुंद झाली आहे. खाचेच्या भिंतीला आतून कार्डाची कड चिकटवून ती अरुंद करा.

पंख पुरेसे उचलत नाहीत असं वाटलं तर बाहेरचा पंख वाढवू नका, टेकू जवळ घ्या. मध्यापासून २० मि.मी.वर घेतले तर तेवढ्याच ओढीत पंख ३७ अंश उचलतो. पण मग खाचेच्या दोन छिद्रांच्या खुणा टेकूपासून १९ आणि २७ मि.मी.वर हव्यात, हात ३३ मि.मी.वर थांबवायला हवा (पिना आता ४० मि.मी. अंतरावर येतात) आणि ओढायला जोरही जास्त लागतो.

पट्टी वर ढकलल्यावर पंखही वरच जायला हवे असतील, तर खुंट्या टेकूच्या बाहेरच्या अंगाला घ्याव्या लागतात. त्यासाठी सरकपट्टीला वरून आडवा दांडा जोडून इंग्रजी टी अक्षरासारखा आकार द्या आणि टेकूपासून २० मि.मी. बाहेर दोन्ही टोकांना एकेक खुंटी बसवा. छाती मग जास्त रुंद लागते, म्हणून पिंगळ्याऐवजी मोठं घुबड काढा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कार्ड दमट होऊन फुगतं आणि कालपर्यंत चालणारी पट्टी जाम होते. जोर लावू नका. पट्टी वरच्या टोकापर्यंत ढकला, दिसणाऱ्या भागाला दोन्ही बाजूंनी मेणबत्ती किंवा टाल्कम पावडर चोळा, खाली ओढा, पुन्हा चोळा. तेल लावू नका, ते कार्डात मुरतं आणि डाग समोर येतो.