फिरायला गेल्यावर माणसांचे फोटो बिघडतात? या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगावातून गोकाकच्या धबधब्याला गाड्या भरून माणसं जातात आणि रात्री घरच्या ग्रुपवर जे फोटो येऊन पडतात त्यात मागं आभाळ पांढरंफेक, खाली घटप्रभेचं तांबडं पाणी आणि पुढं उभी केलेली माणसं पार काळी. मग म्हणायचं मोबाईलचा कॅमेरा बरोबर नाही. तसं नाही ओ. कॅमेरा सगळ्या फ्रेमच्या उजेडाचा अंदाज घेतो, आभाळ जास्त आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो फोटो काळपट करतो आणि त्यात चेहरा जातो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग शेजारची पट्टी थोडी वर सरकवा. मी मात्र आधी दोन पावलं बाजूला सरकून आभाळ कमी करून बघतो, कारण पट्टी वर नेली की चेहरा उजळतो पण आभाळ आणखी धुऊन निघतं.

तिथलीच दुसरी चूक म्हणजे 52 मीटरचा धबधबा पुरा बसवायच्या नादात माणूस मुंगीएवढा होतो. धबधबा लांब राहू दे, माणसाला तुमच्याजवळ बोलवा, कमरेपासून वर घ्या, मोबाईल छातीच्या उंचीला धरा. धबधबा मागं आपोआप बसतो. आणि तुषार उडत असतात तर दर चार फोटोंनी लेन्स सुती कापडानं पुसा, मी एकदा पुसली नव्हती, घरी येऊन बघतो तर जवळजवळ सगळ्या फोटोंत मधोमध धुरकट डाग, आणि त्या दिवशी आमची आत्या किती वर्षांनी आमच्याबरोबर फिरायला आली होती, तिचा एकही फोटो धड नाही. ते अजून मनाला लागतं.

आता दुपारचं ऊन. राजहंसगडावर नाहीतर कित्तूरच्या किल्ल्यात बारा-एकला पोचतो आपण, सूर्य डोक्यावर, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि टोपी असली तर अर्धा चेहराच जातो. ही चूक नंतर एडिट करून सुधारत नाही, माणूसच हलवायला पाहिजे. सावलीच्या कडेला आणा, खूप आत नको. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन देऊळ बघा, रट्ट राजांच्या काळात 1204 साली बांधलेलं, लोक आत जाऊन छताच्या कमळाखाली माणूस उभा करतात आणि अंधारात फोटो हलतो. त्यापेक्षा मंडपाच्या कडेच्या खांबाशी, सावलीत एक-दोन पावलं आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडं करून उभं करा. फोटो काढायचा की नाही ते तिथं आधी विचारून घ्या. चेहऱ्यावर मऊ उजेड येतो, डोळ्यात चमक येते, मागचा काळोख त्या माणसाला उठाव देतो. हलशीच्या देवळातही हेच चालतं, आणि घरच्या सोप्याच्या उंबऱ्यावरही. आजी-आजोबांचे चांगले फोटो पाहिजेत तर सकाळी नऊच्या सुमाराला त्यांना उंबऱ्याजवळ बसवून बघा एकदा, मग सांगा मला.

नाक मोठं आणि कान बारीक येत असतील तर तुम्ही फार जवळ गेलाय. मोबाईलची मुख्य लेन्स 24-26 एमएमच्या आसपासची, वाइड म्हणजे रुंद दृश्य घेणारी असते, त्यात हातभर अंतरावरनं चेहरा घेतला की जवळचं नाक फुगतं. दीड-दोन मीटर मागं या आणि 2एक्स झूम करा. कॅमेरेवाल्यांनी 50 एमएमची लेन्स लावावी आणि कॅमेऱ्याच्या जवळचा जो डोळा असेल त्याच्यावर फोकस ठेवावा. मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडमध्ये पटक्याचा शेमला किंवा पदराची कड पुसली जाते, फोटो काढल्या काढल्या मोठा करून बघा, तिथल्या तिथं परत काढता येतो.

शिवजयंतीच्या चित्ररथांचे रात्रीचे फोटो हलतात कारण नाइट मोड चालू राहतो. तो सेकंद-दोन सेकंद उजेड गोळा करतो, तोपर्यंत लेझीमवाला कुठल्या कुठं गेलेला असतो. तो बंद करा. कॅमेऱ्यात शटर 1/250 सेकंदापेक्षा सावकाश ठेवू नका, नाचणाऱ्यांना 1/500 लावा, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची तीव्रता, 3200 झाली तर होऊ दे, दाणेदार फोटो चालतो पण हललेला काय कामाचा?

जांबोटी-चोर्लाच्या धुक्यात एसी गाडीतनं उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला तर काच धुरकटते, पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू दे.

सगळ्यात मोठी चूक मला वाटते ती न विचारता लांबनं फोटो मारायची. गणपत गल्लीत भाजीवाल्या मावश्या बसतात, लोक झूम लावून काढून घेतात आणि चेहरे सगळे वैतागलेले येतात, येणारच की. आधी भाजी घ्या, बोला, "मावशी, एक फोटो काढू काय ओ?" म्हणून विचारा. कन्नड बोलणारी असली तर "फोटो तगीलेन्री?" एवढं पुरतं. नको म्हणाली तर नमस्कार करून पुढं जायचं. हो म्हणाली तरी पहिले दोन फोटो ताठच येतात, तिसऱ्या-चौथ्याला खांदे सैल पडतात, तोवर बोलत राहायचं, कॅमेरा खाली घ्यायचा नाही.

आणि देतो म्हटलेला फोटो द्या. मी एका आजींना कबूल करून दोन महिने गेलो नव्हतो. शेवटी 4×6 ची प्रिंट काढून घेऊन गेलो, त्यांनी हात पदराला पुसून ती धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "भेंड्या बी आल्यात की रं." चंचीत घालायला गेल्या, पण दुमडायला लागंल म्हणून परत बाहेर काढली आणि शेजारणीला म्हणाल्या, तुझ्या पाटीखाली सपाट ठेव गं सांजपर्यंत.